वेस्टर्न की आपले कपडे? नागपुरात नोकरीला येणाऱ्या मुलीच्या प्रश्नाला एका शिवणारीचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकहून नागपूरला येताय, एप्रिलपासून मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी सुरू होतेय. घर मानेवाड्याला, जाणंयेणं बहुतेक स्कूटीवर, कधीमधी मेट्रोने. कंपनीने कपड्यांबद्दल ‘बिझनेस कॅज्युअल’ एवढंच कळवलंय. आई म्हणते चार-पाच पंजाबी ड्रेस शिवून घे, मैत्रिणी म्हणतात शर्ट-ट्राउझर्स घे, नाहीतर पहिल्याच दिवशी काकूबाई दिसशील. दिसणं, आराम आणि सोय हे तिन्ही धरलं तर वेस्टर्न बरे की आपले, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत भावाचा प्रश्नही जोडलाय: मेमध्ये नागपुरातच लग्न आहे, त्याने सूट शिवावा की शेरवानी.

नागपूरच्या महाल भागात आमचं शिवणकामाचं दुकान आहे. सासरे कोट-पँटचे मास्टर होते, कोर्टातल्या वकिलांचे कोट त्यांच्याकडून शिवून जायचे. कटिंग मी त्यांच्याच टेबलावर शिकले आणि पुढे लेडीज काम वाढवलं. त्यामुळे इंग्रजी पद्धतीचा कोट आणि आपला कुर्ता, दोन्ही कापून, जोडून आणि उसवून पाहिलेत. खाली जे लिहितेय ते त्यातूनच आलेलं आहे.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते. एकाच दिवसात तुम्ही रस्त्यावरचं ऊन आणि ऑफिसातला एसी, दोन्ही अंगावर घेणार आहात, आणि जूननंतर त्यात दमट हवेची भर पडणार आहे. या सगळ्यांत निभावेल असा कपडा हवाय. तो कुठल्या देशाचा यापेक्षा त्याचं कापड कोणतं, कट कसा आणि अंग व कपडा यांच्यात जागा किती सुटते, यावर सगळं ठरतं. दुकानात हे रोज दिसतं. पॉलिएस्टर जॉर्जेटची तंग कुर्ती आणि खाली लेगिंग्ज घातलेली मुलगी घामाघूम होऊन येते, आणि सैल लिननचा शर्ट व सुती पँट घातलेली तिची मैत्रीण निवांत असते. पहिलीचा पेहराव आपण ‘इंडियन’ म्हणतो आणि दुसरीचा ‘वेस्टर्न’. उलटही तितकंच दिसतं: टेरीकॉटचा (पॉलिएस्टर-सुताच्या मिश्र कापडाचा) फिटिंगचा शर्ट आणि स्ट्रेचेबल पँटमध्ये हैराण झालेली मुलगी, आणि तिच्या शेजारी मलमलच्या कुर्त्यात खुशाल बसलेली आई.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. तुम्हाला घाम किती येतो, ऑफिसला सकाळी आठला निघता की दुपारच्या शिफ्टला, क्लायंटसमोर बसावं लागतं का, घरी कपडे धुवायला-इस्त्रीला कोण आहे. दुपारच्या शिफ्टची मुलगी आणि सकाळची मुलगी यांना मी वेगळे कपडे सुचवते. तुम्ही शिफ्ट लिहिली नाही, म्हणून सकाळची धरून चालते.

आधी कटाचं बघू. आपल्याकडचे जुने कपडे दोन तऱ्हेचे. एक नेसायचे किंवा घ्यायचे: साडी, धोतर, दुपट्टा. यांना कात्री लागतच नाही. दुसरे शिवायचे, पण सरळ तुकड्यांतून. जुन्या पद्धतीचा कुर्ता घेतला तर पुढचा-मागचा भाग म्हणजे लांब आयत, बाह्या म्हणजे आणखी दोन आयत, बाजूंना कळ्या आणि बगलेत छोटा चौकोनी तुकडा, चौबगला. हातमागाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान, आणि कापड मोलाचं, म्हणून चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही असा तो हिशेब होता. इंग्रजी कटाची रीत वेगळी. कापड अंगाच्या आकाराप्रमाणे गोलाईत कापायचं, छातीला-कमरेला टक्स, म्हणजे शिवलेले चिमटे, घ्यायचे, बाहीचा माथा गोल काढून मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या घेरात, बसवायचा. हा कट थंड देशात, लोकरीच्या कापडावर वाढला. लोकर वाफेच्या इस्त्रीने वळते आणि दिलेला आकार धरून ठेवते. आत कॅनव्हास, खांद्यात पॅड, त्यावर अस्तर. ऊब धरून ठेवणं हेच तिथे कपड्याचं काम होतं.

मुंढ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आराम मिळणार की नाही हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं आणि गिऱ्हाईक नेमकं तिकडे बघत नाही.

कपडा अंगात घालून हात वर करा. चौबगला असलेल्या कुर्त्यात बगलेतला तो तिरका बसवलेला चौकोन उघडतो, हात मोकळा वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. चांगल्या कोटात चौबगला नसतो, पण मुंढा बगलेच्या अगदी जवळ, वरच कापलेला असतो. त्यामुळे हात हलला तरी कोटाचं अंग सोबत ओढलं जात नाही. सासरे ट्रायलच्या वेळी वकिलांना हात उंच करून बोलायला लावायचे. कॉलर मानेवरून उठली की बाही उसवून पुन्हा बसवायची, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. म्हणजे एकच अडचण दोन्ही पद्धतींनी आपापल्या परीने नीट सोडवली आहे. आज मिळणाऱ्या बऱ्याच रेडिमेड कुर्त्यांत यातलं काहीच नसतं. मुंढा खोल, कारण एक माप जास्तीत जास्त अंगांना बसवायचं असतं. बाही तंग, कारण फॅशन तशी. चौबगला नाही, कारण त्याला कारागिराचा वेळ लागतो. मग स्कूटीचं हँडल धरलं की पाठ ताणते, बाही दंडाला आवळते आणि अख्खी कुर्ती वर चढते. मुली येऊन म्हणतात, ‘काकू, मला कुर्ते सूटच होत नाहीत.’ त्यांना मी मुंढा अर्धा-पाऊण इंच वर घेऊन आणि बाहीला दंडात दीड इंच ढिलाई देऊन एक कुर्ता शिवून देते. पुढच्या वेळी त्या तोच कुर्ता घेऊन येतात, मापाला.

म्हणून कपडा कुठल्याही पद्धतीचा असो, ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं ताठ उभं राहून तो पसंत करू नका. दोन्ही हात पुढे करून हँडल धरल्यासारखे धरा. मग खुर्चीवर बसा. मग वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं करा. पाठीवर आडव्या रेघा पडल्या, छातीच्या बटणांत फट दिसली किंवा पँट मागून खाली सरकली, तर तो कपडा हँगरवर परत लावा. शर्टाच्या बाबतीत बायकांची नेहमीची तक्रार ती बटणांतली फट. छातीच्या मापाला घेतला तर खांदा उतरतो, खांद्याच्या मापाला घेतला तर फट पडते. यावर उपाय म्हणजे छातीच्या मापाचा घ्यायचा आणि खांदा-बाही शिंप्याकडून उचलून घ्यायची. खर्च थोडा, पण शर्ट अंगावर बसतो.

आता उन्हाचं. ऊन जास्त म्हणजे अंगावर कपडा कमी, असं बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना वाटतं. नागपुरात मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर उघड्या हाताला वारा गार लागतो. हवा त्याच्या वर तापली की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो, आणि वरून ऊन भाजतं ते वेगळंच. म्हणून इथे वर्धा रोडवर दुपारी स्लीव्हलेस टॉपमध्ये गाडी चालवणारीचे हाल होतात आणि पूर्ण बाहीच्या सैल सुती कुर्त्यातली त्यामानाने बरी असते. सैल कपड्याच्या आत हवा खेळते, घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल तोवर हे उत्तम चालतं. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो: मेमध्ये तो खोली गार करतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो. कपड्यांचंही तसंच. मेमध्ये अंगभर सैल कपडा हवा, जुलै-ऑगस्टमध्ये थर कमी, लांबी कमी आणि लवकर वाळणारं कापड हवं.

वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात यावर १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचत नाही, असं त्यात मोजून दाखवलं होतं. मला हे आमच्या धंद्यासाठी फार उपयोगाचं वाटतं. कपडा सैल असेल तर रंगाची फार चिंता करू नका. कपडा अंगाला चिकटून असेल तर मात्र रंग भोवतो. काळी लेगिंग किंवा काळी स्किनी पँट घालून सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की मांड्या चटचट भाजतात, ते यामुळे.

कापडाकडे येऊ. सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा सहज धरून ठेवतं, रेयॉन त्याहूनही जास्त, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे पॉलिएस्टरच्या आत घाम साचून राहतो आणि अंगाला चिकचिक होते. खेळाचे टीशर्टही पॉलिएस्टरचेच असतात, पण ते घाम बाहेर ओढून पटकन वाळावा अशा वेगळ्या विणीचे असतात, त्यांची तुलना जॉर्जेटच्या कुर्तीशी करू नका. रेयॉन मऊ असतं, सुंदर पडतं, घामही शोषतं, पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते. बगलेत आणि कुर्त्याच्या बाजूच्या कटच्या टोकाशी ते लवकर फाटतं. रोजच्या स्कूटीच्या कपड्याला मी रेयॉन सुचवत नाही.

विदर्भ कापसाचा मुलूख आहे. टाटांची एम्प्रेस मिल याच शहरात १८७७ साली सुरू झाली. उमरेड, पवनीकडे कोष्टी समाजाचे हात पिढ्यान्पिढ्या मागावर चालत आलेत, आणि तासाभराच्या अंतरावर वर्धा-सेवाग्रामची खादी आहे. इथे येऊन पॉलिएस्टरचे कुर्ते घेणं मला खरंच जिवावर येतं. गांधीबागेत किंवा इतवारीत कापड घ्यायला जाल तेव्हा ‘कॉटन’ या शब्दावर जाऊ नका, टेरीकॉटलाही कॉटन म्हणून विकतात. काठाचा एक धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून पेटवून बघा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. घ्यायच्या आधी कापड उजेडासमोर धरा: विणीतून बारीक उजेड आला तर हवाही जाईल. खादीचा धागा हातसुताचा, थोडा उंचसखल असल्यामुळे विणीत आपोआप जागा राहते. म्हणून ती जाड असूनही गरम होत नाही.

कमरेखालचं तर लोक विसरूनच जातात. लेगिंग होजिअरीची असते, सुतात थोडं लायक्रा मिसळलेलं. ती वाकायला-बसायला सोपी, पण अंग आणि कापड यांच्यात हवेला जागाच ठेवत नाही. सलवारीत आसन (दोन पायांमधला जोडाचा भाग) सैल असतं, पायात घेर असतो, म्हणून ती गार. तिचा तोटा म्हणजे पावसात मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, भिजते आणि चेनगार्ड, पायदान यांत अडकते. मला आजच्या दिवसात मधला मार्ग आवडतो: सरळ कटाची सुती पँट, आसनाला पुरेशी खोली, मोहरी घोट्याच्या वर दोन बोटं, कमरेला मागून इलॅस्टिक आणि पुढून सपाट पट्टी. ही पँट कुर्त्याखाली चालते आणि शर्टाखालीही. पँट शिवायला टाकताना बसून आसनाचं माप द्या. उभ्याने घेतलेलं आसन स्कूटीवर कमी पडतं, आणि फाटते पँट तिथेच.

जीन्सबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. ती मजुरांसाठी जन्मली. खिशांच्या कोपऱ्यांना रिव्हेट मारण्याचं अमेरिकेतलं पेटंट १८७३ चं आहे आणि हेतू एवढाच होता की कामात खिसा फाटू नये. मजबुतीला आजही तोड नाही. नागपुरात ती डिसेंबर-जानेवारीत घाला, पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली येतो तेव्हा. पावसाळ्यात भिजलेली जाड जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते.

स्कूटीची सोय ही गोष्ट आपल्या कपड्यांच्या विरोधात जाते, हे मान्य करायला हवं. लोंबणारा पदर, उडणारी ओढणी, घेरदार अनारकली आणि चाक यांचं जमत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमात मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकण्याची अट घालावी लागली आहे, इतका हा धोका खरा आहे. गाडी चालवताना ओढणी नको. उन्हासाठी इथल्या मुली करतात तेच करा: सुती स्कार्फ तोंडा-डोक्याला घट्ट बांधून त्यावर हेल्मेट, आणि अंगावर पांढरा सुती सनकोट, ज्याची बाही तळहातापर्यंत येते. हा सनकोट म्हणजे आमच्या नागपूरच्या उन्हाळ्याचा खरा पेहराव. तो अंगात असला की आतले कपडे धुळीपासून आणि उन्हापासून वाचतात, ऑफिसात पोचल्यावर काढून डिकीत टाकला की झालं. शिवून घ्यायचा असेल तर चौबगला लावून घ्या आणि दोन खोल खिसे.

खिसे! वेस्टर्न कपड्यांचा सगळ्यात मोठा सरळ फायदा तोच, आणि बायकांच्या कुर्त्यांत तो नसणं मला आजही खटकतं. मोबाइल, मेट्रोचं कार्ड, गाडीची चावी, कंपनीचं ओळखपत्र एवढं रोज सोबत असतं. कुर्त्याच्या उजव्या शिवणीत सात इंच खोल खिसा लावायला मला फार वेळ लागत नाही. सांगितलं नाही तर शिंपी लावत नाही, म्हणून माप देतानाच सांगा. पॉकेटिंगचं कापड सुतीच मागा, पॉलिएस्टरचं नको.

साडीचं थोडक्यात. मलमल किंवा नागपुरी सुती साडी उन्हाळ्यात गार असते, निऱ्यांत हवा खेळते, आणि कास्ट्याचं लुगडं नेसून विदर्भातल्या बायकांनी शेतातली अख्खी कामं केलीत. सोयीच्या बाबतीत तिला कमी लेखू नका. पण पाचवारी नेसून रोज मानेवाडा ते मिहान स्कूटी चालवा असं मी सांगणार नाही. मेट्रोने जाणार असाल त्या दिवशी, किंवा ऑफिसात कार्यक्रम असेल तेव्हा नेसा. परकर सुतीच हवा. सॅटिनच्या परकराने चांगल्या सुती साडीचा सगळा फायदा निघून जातो.

दिसण्याबद्दल मैत्रिणींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कॉलर, कडक पट्टी आणि नीट बसलेला खांदा चेहऱ्याजवळ एक रेष देतात, आणि मीटिंगमध्ये त्याचा परिणाम होतो. पण ती रेष कुर्त्यातही आणता येते. बंद गळ्याला किंवा छोट्या कॉलरला आत हलकं बकरम (ताठपणासाठी घालायचं कडक कापड), खांदा बरोबर हाडावर, पुढे बारीक बटणपट्टी, लांबी गुडघ्याच्या थोडी वर आणि कट्स पुरेसे उंच. एकरंगी किंवा बारीक रेघांचं कापड. असा कुर्ता आणि सरळ पँट घातलेल्या मुलीला कोणी काकूबाई म्हणत नाही. काकूबाई दिसण्याचं कारण बहुतेक वेळा उतरलेला खांदा आणि नको तितकी लांबी हे असतं, कुर्ता हे नसतं.

आता तुमच्यासाठी मी काय निवडलं असतं ते सांगते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत: खादी, मलमल किंवा कॅम्ब्रिकचे तीन-चार सैल कुर्ते, पाऊण किंवा पूर्ण बाहीचे, आणि दोन सरळ सुती पँट, एक फिकट, एक गडद निळी. पावसाळ्यासाठी: दोन-तीन सुती किंवा लिननचे शर्ट, अर्ध्या-पाऊण बाहीचे, कमरेखाली थोडेच उतरणारे, त्याच पँटवर. एखादी पँट लवकर वाळणाऱ्या मिश्र कापडाची घेतली तरी चालेल, इथे मी सुतीचा हट्ट धरत नाही. ऑक्टोबरची उकाड्याची हवा पुन्हा कुर्त्यांची. थंडीत जीन्स, जॅकेट, जाड खादी, जे आवडेल ते. आणि वर्षभर ऑफिसच्या खुर्चीवर एक बिनअस्तराचं सुती जॅकेट किंवा कॉटनची शाल टांगून ठेवा. ४४ अंशांतून घामाने भिजून थेट एसीच्या झोतात बसलं की मान धरते, अशा तक्रारी माझ्याकडे येणाऱ्या मुली नेहमी सांगतात. एक तर म्हणाली होती, ‘काकू, बाहेर जीव घाबरून राहिला आणि आत दात वाजून राहिले.’ आतली बनियन किंवा स्लिपही सुतीच घ्या. वरचं कापड कितीही चांगलं असलं तरी आतून नायलॉन असेल तर उपयोग नाही.

निगा राखण्याचा भाग वेस्टर्नच्या बाजूने थोडा झुकतो. गडद ट्राउझर दोन-तीनदा घालता येते, मिश्र कापडाच्या शर्टाला इस्त्री कमी लागते. सुती कुर्ता उन्हाळ्यात रोज धुवावा लागतो आणि चुरगळतो. चुरगळण्यावर एकच इलाज मला माहीत आहे: हलकी कांजी आणि कापड पूर्ण वाळायच्या आधी, दमट असतानाच इस्त्री. कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं, खादी-हातमाग जास्तही. गडद रंगाचं कापड वेगळं भिजवा. आणि शिंप्याला बाजूच्या शिवणीत किमान एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. रेडिमेडमध्ये ओव्हरलॉक अगदी काठाला मारलेली असते, अंग थोडं वाढलं की कपडा बाद. मायेचा कुर्ता दोन वेळा उसवून पुन्हा घालता येतो.

राहिला भाऊ. मेच्या लग्नात सूट आणि शेरवानी, दोन्ही तितकेच तापतात, कारण दोन्हींच्या आत अस्तर आणि बकरम असतं. भाड्याच्या शेरवानीचं ब्रोकेड बहुधा कृत्रिम धाग्याचं आणि अस्तर पॉलिएस्टर सॅटिनचं, म्हणजे हवा कुठूनच जात नाही. सूट हवाच असेल तर वकिलांसाठी सासरे करायचे तसा करून घ्या. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नसते, पण उच्च न्यायालयात असते, आणि खंडपीठ आपल्याच शहरात. म्हणून ते पातळ लोकरीचं ट्रॉपिकल कापड वापरायचे, पाठीला अस्तर अर्धंच लावायचे आणि खांद्यातलं पॅड पातळ करायचे. पातळ लोकर पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या सूटिंगपेक्षा नक्की गार पडते.

माझी स्वतःची पसंती वेगळी आहे. भंडाऱ्याकडचा टसर कोसा घ्या आणि त्याचा बंदगळा शिवून घ्या. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचं हे रेशीम, मूळ रंग मधासारखा, पोत थोडा खरबरीत आणि वीण मोकळी. बंदगळ्याचा मुंढा आणि बाही कोटाची असते, गळा आपला. खाली सुती चुडीदार किंवा सरळ पँट. अस्तर फक्त खांद्याला आणि बाहीला, तेही सुती मलमलचं. विधींच्या वेळी बंदगळा काढून आतल्या सुती कुर्त्यावर बसता येईल, म्हणून कुर्ताही त्याच रंगात शिवून ठेवा. लग्न नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, असेल तर मुहूर्त दुपारचा आहे का तेवढं बघा. दुपारचा असेल तर बंदगळ्याऐवजी कोशाचंच बिनबाह्यांचं जॅकेट बरं.

आणि हे काम आधी हातात घ्या. लग्नसराईत कोट-बंदगळा शिवणाऱ्या मास्टरांकडे मार्चअखेरीलाच गर्दी होते, त्यांना दोन ट्रायल लागतात, आणि घाईत शिवलेल्या बंदगळ्याचा गळा हमखास वर उचलतो. भावाचं कापड मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाका. तुमचे कुर्ते नंतर पंधरा दिवसांत होतील, आणि शिवायला टाकताना तुम्हाला उत्तम बसणारा एक जुना कपडा मापाला सोबत न्या.